कायद्याच्या नावातून गळून पडलेला एक शब्द

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी जिन्यावरून घसरल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर, सहा आठवडे काम बंद. कुठलातरी फॉर्म भरायचा होता म्हणून त्या घरी आल्या आणि डाव्या हातानं त्यांनी कागदांची प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. ई-श्रम कार्ड, लॅमिनेशन केलेलं. घरेलू कामगार म्हणून नोंदणी केल्याची पावती, घडीवर फाटलेली. नवऱ्याचं बांधकाम कामगाराचं कार्ड, तो सेंट्रिंगच्या कामाला जातो. आयुष्मानचं कार्ड, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स. म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटरवर हे घर दोन-तीन ठिकाणी आहे. आणि तरी त्या सहा आठवड्यांत पाच घरांपैकी तीन घरांनी एक रुपया दिला नाही, चौथ्यानं दुसरी बाई लावून टाकली. आम्ही पगार दिला, पण तिसऱ्या आठवड्यात मीसुद्धा फोन करून "मावशी, कधीपासून जमेल?" असं विचारलंच, आणि त्यांनी प्लास्टर निघायच्या आधी एका हातानं झाडू मारायला सुरुवात केली. ते मला अजून टोचतं.

त्या दिवसापासून डोक्यात एक गोष्ट पक्की बसलीये, तीच इथं मांडतोय. आपल्याकडं असंघटित कामगारांना संघटित क्षेत्रात आणायचं म्हटलं की आपण कामगाराची नोंद करायला धावतो. खरं शोधायला पाहिजे मालकाला. कामगार तर समोरच आहे, रोज सकाळी सातला बेल वाजवतो. सापडत नाही तो त्याच्या आजारपणाचे, म्हातारपणाचे, खाड्याचे पैसे कुणी द्यायचे तो माणूस.

आकडा सगळ्यांना माहीत आहे, देशातले नव्वद टक्क्यांच्या आसपास कामगार असंघटित आहेत. असंघटित क्षेत्राचा अभ्यास करायला केंद्रानं नेमलेल्या अर्जुन सेनगुप्तांच्या आयोगानं २००७ च्या सुमाराला हे नीट मांडलं होतं, आणि त्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे मोठ्या कंपन्यांत, सरकारी खात्यांत जी नवी कामं निघत होती तीसुद्धा कॉन्ट्रॅक्टवरची, पीएफ नाही, रजा नाही अशीच होती. म्हणजे असंघटितपणा फक्त चहाच्या टपरीवर नाही, तो गेटच्या आत आहे, फक्त गेटपास वेगळ्या रंगाचा. मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल आलं, तीस कोटींच्या वर लोकांनी नोंदणी केली, बारा आकडी नंबर मिळाला. ही नोंदणी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, कुठं किती लोक काय काम करतात हे कळायलाच पाहिजे, कोरोनात लाखो माणसं रस्त्यानं चालत गेली तेव्हा सरकारकडं त्यांची यादीच नव्हती. पण त्या कार्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणी नाही. ज्याच्याकडं ती बाई काम करते त्याचं नाव त्या कार्डावर नाही, आणि ज्या कागदावर मालकाचं नाव नाही तो कागद मालकाकडून पैसे काढून देऊ शकत नाही.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. मी पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघतो, पीएफची आणि ईएसआयची, म्हणजे कामगाराच्या आजारपण-अपघाताच्या सरकारी विम्याची, चलनं भरतो, वीस-बावीस वर्षं झाली. या धंद्यात एक आकडा सगळ्यांना पाठ आहे, एकोणीस. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो म्हणून हजेरीपत्रक एकोणीसवर थांबतं. ईएसआय दहालाच लागतो म्हणून काही ठिकाणी ते नऊवरच थांबलेलं असतं. मी एका प्रेस शॉपमध्ये जायचो तिथं शॉपफ्लोरवर चौतीस माणसं मोजली होती, हजेरीपत्रकावर एकोणीस, सात जण शेठच्या बायकोच्या नावावर काढलेल्या दुसऱ्या फर्ममध्ये आणि बाकीचे आठ व्हाउचरवर, म्हणजे हजेरीत नाव न घालता नुसत्या पावतीवर पैसे. व्हाउचरवरच्यातल्या एकाचं, बिहारहून आलेला पोरगा होता, बोट प्रेसमध्ये गेलं. शेठ वाईट माणूस नव्हता, त्यानं स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेलं, बिल भरलं, वर दहा हजार हातात दिले. पण ईएसआय असतं तर त्या पोराला दवाखाना तर फुकट मिळालाच असता, बोट गेल्याच्या बदल्यात जन्मभर दर महिन्याला थोडेफार पैसे मिळाले असते. तो हक्क होता, त्याच्या वाट्याला आली ती मेहेरबानी. आणि कागद मी लिहीत होतो. पुढच्या वर्षी ते काम मी सोडलं, पण त्यानं त्या पोराचं काही भलं झालं नाही.

मालक असं का करतो हे सगळे सांगतात. कामगारसुद्धा नको म्हणतो, ते कमी लोक सांगतात. नवीन माणूस कामाला घेताना तो एकच प्रश्न विचारतो, "हातात किती?" आणि हा प्रश्न अडाणीपणातून येत नाही, हिशोबातून येतो. १५,००० पगार धरा. कामगाराचे बारा टक्के पीएफचे १,८००, ईएसआयचे ११२.५०, म्हणजे हातात तेराच हजार आणि वर थोडे. मालकाचे बारा टक्के १,८००, ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ४८७.५०, आणि विम्याचे नि ॲडमिन चार्जेसचे मिळून दीडशेच्या आसपास. मालकाच्या खिशातून गेले साधारण साडेसतरा हजार आणि कामगाराच्या हातात पडले तेरा. मधले सव्वाचार-साडेचार हजार दोघांनाही दिसत नाहीत, ते कुठंतरी ऑनलाइन जातात. आणि बऱ्याच ठिकाणी मालक दोन्ही बाजूंची कपात कामगाराच्याच पगारातून करतो, बोलताना पगार साडेसतरा ठरतो आणि हातात तेराच पडतात, मग त्या माणसानं कशाला हो म्हणावं?

बरं, गेलेले पैसे परत मिळतानाचा अनुभव काय? आधारवर नाव एक, पीएफला दुसरं, एका वेलांटीसाठी क्लेम रिजेक्ट होतो. जुना मालक धंदा बंद करून गेला, सही कोण करणार. माझ्याकडं एक वेल्डर यायचा, सात वर्षांत चार ठिकाणी काम केलं, चार यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचे नंबर, निघाले होते, एकावरही हात लावता येत नव्हता. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी भरावी लागते, आणि भरली तरी किमान पेन्शन महिना १,००० रुपये, २०१४ पासून तीच. पीएफला पगाराची मर्यादाही त्याच वर्षी १५,००० झाली. आठ-दहा महिन्यांनी काम बदलणाऱ्या माणसाला हे सगळं दुसऱ्या कुणासाठी तरी केलेलं वाटतं आणि त्याचं चुकत नाही, हे खरंच एका जागी तीस वर्षं काढणाऱ्या माणसासाठी केलेलं आहे.

म्हणून "कायदे सोपे करा, मालक आपोआप नोंदणी करतील" हे जे म्हणणं आहे ते मला अर्धवट वाटतं. २०२५ च्या २१ नोव्हेंबरला चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ कायद्यांच्या जागी चार. त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे, ही चांगली गोष्ट आहे आणि ती मनापासून चांगली म्हणतो, कारण भोसरीत मी शेकडो माणसं बघितलीत ज्यांच्याकडं आपण कुठं काम करतो याचा एक चिठोरासुद्धा नव्हता. पण पीएफचा वीसचा उंबरठा तिथंच आहे. कामावरून कमी करायला सरकारची परवानगी लागायची ती शंभर माणसांवर, आता तीनशेवर गेली. यानं मोठा कारखानदार जास्त माणसं कायम करेल असं सांगितलं जातं. महाराष्ट्रात मला तरी अजून मोठ्या कारखान्याच्या गेटवर कॉन्ट्रॅक्टरच्या टेम्पोंची रांग कमी झालेली दिसली नाही.

आणि छोट्या शेठची बाजूही सांगितली पाहिजे. तो जॉबवर्क करतो, मोठी कंपनी रेट ठरवते, पैसे नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. त्या रेटमध्ये पीएफ धरलेलाच नसतो. मध्यंतरी इन्कमटॅक्समध्ये एक बदल झाला, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत धरता येणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये माझ्या तीन-चार ग्राहकांचे अडकलेले चेक धडाधड आले, जे वर्षभर फोन करून येत नव्हते. ज्याच्याकडं पैसा आहे त्यालाच कायद्यानं विचारलं की हलतं. खालच्या माणसाला कितीही विचारा, त्याच्याकडं कार्डाशिवाय दाखवायला काही नाही.

मग करायचं काय, प्रत्येकाला कायम नोकरी? तेवढ्या कायम नोकऱ्या नाहीत आणि पाच घरी काम करणाऱ्या बाईला कुठलं एक घर कायम करणार? इथं महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी एक वाट काढून ठेवलीये आणि आपणच ती विसरलोय. माथाडी.

माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. मुंबईत मशीद बंदरच्या बाजारात, लोखंड बाजारात, गोदीबाहेर हा माणूस आज या दुकानाचा माल उतरवायचा, दुपारी त्या दुकानाचा, संध्याकाळी तिसऱ्याच ट्रकवर. बहुतेक सातारा, सांगली, पुणे भागातली माणसं. व्यापारी म्हणायचे आमचा कामगार नाही, टोळीचा मुकादम म्हणायचा मी काय मालक नाही, मी पण हमालच. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली, पुण्यात बाबा आढाव हमाल पंचायत घेऊन उभे होते, त्यांचं आत्ता २०२५ च्या डिसेंबरात निधन झालं. त्या सगळ्या भांडणातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम आला.

त्या कायद्याचं डोकं बघा. मालक कोण या वादात तो अडकलाच नाही. त्यानं काय केलं, एक मंडळ बसवलं, त्यात मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकार. ज्याच्याकडं हमालीचं काम आहे त्या व्यापाऱ्यानं मंडळात नोंद करायची, कामगारानं पण करायची, काम टोळीनं करायचं. मजुरी व्यापाऱ्यानं मंडळाकडं भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही, म्हणजे कामगाराच्या सोयींसाठीची रक्कम, वरून भरायची. मंडळ महिन्याच्या शेवटी कामगाराला पगार देणार आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना. म्हणजे माल दहा व्यापाऱ्यांचा उतरवा, तुमची नोकरी एकच. हातात किती, या प्रश्नाचंही उत्तर त्यात आहे, कारण लेव्ही मजुरीतून कापायची नाही, मजुरीच्या वर द्यायची आहे. नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोलीकडं जाऊन बघा, माथाड्यांची घरं आहेत, दवाखाना आहे, त्यांची पोरं इंजिनीअर झालीत. हा माणूस दुसरीपर्यंत शिकलेला, डोक्यावर शंभर किलोचं पोतं घेणारा होता. पोतं पन्नास किलोवर आलं तेही असंच भांडून आलं.

यात घाण शिरलीये हे मला माहीत आहे आणि लपवायचं नाही. चाकण, तळोजा भागात कुणालाही विचारा, माथाडीच्या नावावर गुंड येतात, माल मशीननं उतरतो तरी "वाराई द्या", म्हणजे माल उतरवायची हमाली द्या, म्हणून ट्रक अडवतात. खऱ्या टोळीला बाजूला सारून बोगस टोळ्या नोंदवल्या जातात. कारखानदार वैतागून माथाडी कायदाच काढा म्हणतात. पण खंडणीला पोलीस आहेत, खंडणीचा कायदा आहे. खंडणीवाल्यांसाठी हमालाची ग्रॅच्युइटी काढून घेणं म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळायचं. मंडळातल्या जागा वेळेवर भरा, सगळा पैसा ऑनलाइन घ्या, टोळीतल्या प्रत्येक माणसाची हजेरी उघडी ठेवा, हे करता येतं. १९८१ साली हाच नमुना खासगी सुरक्षारक्षकांसाठी वापरला, त्या कायद्याच्या नावातही "नोकरीचे नियमन व कल्याण" आहे. मंडळाचा गार्ड आणि एजन्सीचा गार्ड शेजारी उभे करून दोघांच्या पगाराच्या स्लिप मागा, फरक कळतो. एजन्सीवाल्याकडं बऱ्याचदा स्लिपच नसते.

आणि आता २००८ च्या कायद्याचं नाव वाचा. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम. "नोकरीचे नियमन" गेलं, "कल्याण" तेवढं राहिलं. हमाल पुरुष होते, संघटित होते, बाजार बंद पाडू शकत होते, त्यांना नियमन मिळालं. घरकाम करणाऱ्या बायका एकेकट्या चार भिंतींच्या आत काम करतात, त्यांच्या वाट्याला कल्याण आलं. हा एक शब्द गळाला आणि त्याच्याबरोबर मालक गळाला. या कायद्यात घरमालकानं भरायची लेव्ही नाही. मग मंडळाकडं पैसा कुठून येणार, सरकारनं दिला तर. मधली बरीच वर्षं ते मंडळ नावालाच होतं. पंचावन्न वर्षं पूर्ण झाली की एकदाच १०,००० रुपये सन्मानधन, तेही नोंदणी चालू असेल तर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नोंदणी असलेल्यांना १,५०० रुपये जाहीर झाले, मावशींची पावती होती पण नूतनीकरण झालेलं नव्हतं, त्यांना ते मिळाले नाहीत. नूतनीकरण कुठं करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं, माझं रोजचं काम हेच असून.

त्यांच्या नवऱ्याचं उलट आहे. बांधकाम कामगारांच्या मंडळाकडं पैसा भरपूर, कारण १९९६ च्या कायद्यानं बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बिल्डरकडून घ्यायचा ठरलं. पण तो उपकर बिल्डिंगवर आहे, माणसाच्या मजुरीशी त्याचा धागा जोडलेला नाही. कुणी किती दिवस काम केलं त्यावर काही ठरत नाही. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला तेवढा आणायचा. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की हा माझा माणूस असं कबूल केल्यासारखं होतं. मग एजंट, मग पैसे, मग ज्यांनी आयुष्यात घमेलं उचललं नाही त्यांच्याही घरात मंडळाकडून मिळणारी बांधकाम कामगाराची पेटी आणि भांड्यांचा सेट. मावशींच्या घरी तो भांड्यांचा सेट आहे, खोक्यातच, पोरीच्या लग्नात द्यायला ठेवलाय. नवऱ्याला सेंट्रिंगच्या प्लेटा उचलून पाठीचा त्रास आहे आणि ज्या दिवशी पाठ धरते त्या दिवशी खाडा.

ऊसतोडीचं थोडक्यात सांगतो, त्याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे. तिथं साखर कारखान्यानं टनामागं १० रुपये ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला द्यायचे हे ठरलेलं आहे, म्हणजे लेव्हीचं तत्त्व मान्यच आहे. त्यातून मुलांसाठी वसतिगृहं होतायत, व्हायलाच पाहिजेत. पण बीडहून निघालेली बाई, जी नवऱ्याबरोबर पहाटे तीनला फडात उतरते, ती हिशेबात "कोयता" (नवरा-बायको मिळून एक) या एका शब्दात अर्धी असते, उचल नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत तिचं नावसुद्धा नसतं. प्रत्येक टनाचा काटा होतो, पावती होते, कारखान्याच्या कॉम्प्युटरवर गाडी नंबर, टोळी, वजन सगळं असतं. त्याच पावतीवर दोन नावं आणि दोन खाती टाकायला कुठलं तंत्रज्ञान लागतं?

हेच मला घरकामाबद्दल म्हणायचंय. लोक म्हणतात घर हे काय कारखाना आहे का, तिथं हजेरी कोण ठेवणार. अहो, आमच्या सोसायटीत गेटवर ॲप आहे. मावशी सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी आत आल्या हे माझ्या मोबाइलवर येतं, कुठल्या कुठल्या फ्लॅटला जातात ते सुद्धा, त्यांचा फोटो, नंबर, पोलीस व्हेरिफिकेशन. तीन वर्षांची हजेरी मिनिटामिनिटाची तिथं पडून आहे. आपल्या सुरक्षेसाठी आपण ती ठेवली, त्यांच्या रजेसाठी ती कधी उघडली नाही. पैसे गोळा करायची सोयही तयार आहे, मेंटेनन्सचं बिल दर महिन्याला येतंच. समजा एका घरातून ३,००० पगार जातो, त्याच्यावर दहा टक्के लेव्ही, म्हणजे फ्लॅटमागं महिना ३००. पाच घरांचे मिळून १,५००. वर्षाला १८,००० एका बाईच्या नावावर. यात तिची महिन्याची दोन भरपगारी सुट्टी, आजारपणाचे दिवस आणि म्हातारपणाची पुंजी याची सुरुवात होते. आम्ही लोक पार्किंगच्या स्टिकरवर यापेक्षा जास्त वेळ भांडतो.

हे एका सोसायटीनं करून भागणार नाही, याला कायदाच लागेल, कारण ज्या सोसायटीत लेव्ही नाही तिथल्या घरांना बाई स्वस्त पडणार आणि चांगलं करणाऱ्याला शिक्षा होणार. मंडळ वॉर्डपातळीवर पाहिजे, लेव्ही भरायची जबाबदारी सोसायटीवर पाहिजे, चाळीत, बंगल्यात राहणाऱ्यांसाठी महापालिकेनं मिळकतकराबरोबर ती घ्यावी. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायकांनी हे अर्धं करून दाखवलंय. १९९३ पासूनची ती संघटना, महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली, मग त्याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि घरोघरचा कचरा उचलायचे पैसे घरांनी द्यायचे हा करार झाला. कचरा वेचणारी बाई, जिला कुत्री आणि पोलीस दोघंही हाकलत होते, ती दारावरची बेल हक्कानं वाजवायला लागली. त्यांचंही भांडण मिटलेलं नाही, करार संपत आला की दर वेळी टांगती तलवार असते. पण पैसे कुणी द्यायचे हे ठरलंय, तिथून पुढचं भांडता येतं.

सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या जानेवारीत केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायदा करता येईल का हे बघायला समिती नेमा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांबद्दलचा करार २०११ चा आहे, भारतानं अजून त्याला मान्यता दिलेली नाही. दिल्लीत काय व्हायचं ते होईल. महाराष्ट्राला थांबायची गरज नाही, माथाडीच्या वेळी आपण दिल्लीची वाट बघितली नव्हती.

मला एक उत्तर नेहमी ऐकू येतं, जास्त ताणलं तर लोक बाई ठेवणंच बंद करतील, मशीन घेतील. काही घेतील. माथाडी कायदा आला तेव्हाही व्यापारी बाजार सोडून जाऊ म्हणत होते. आणि ज्या घरात नवरा-बायको दोघं आठ वाजता बाहेर पडतात, ज्या घरात वडील अंथरुणाला खिळलेत, त्या घराचा सगळा गाडा या बाईवर चालतो हे आपल्याला ती चार दिवस आली नाही की कळतं. तिला आपण मावशी म्हणतो, दिवाळीला साडी देतो, ते प्रेम खोटं नाही. पण मावशी म्हटल्यानं मी तिचा मालक नाही असं होत नाही. पगार मी देतो, काम मी सांगतो, खाडा मी मोजतो, तर मालक मीच आहे.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय ठेवलाय. आधी मावशींना सगळा हिशोब समजावून सांगितला, कागदावर आकडे मांडून. त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं, "दादा, माझ्या हातातले कमी होणार नाहीत ना?" नाही म्हटलं, हे वरून. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पासबुक घरी द्यायचं नाही, बायकांपैकीच कुणाकडं तरी ठेवायचं, नवऱ्याला आकडा कळता कामा नये. आणि दुसरं, गावाला गेल्यावर त्या जावेला बदली म्हणून पाठवतात, त्या दिवसांचे पैसे जावेच्या नावावर पडले पाहिजेत, त्यांच्या नाही. हे दुसरं माझ्या कागदावर नव्हतं. माथाडीच्या टोळीत बदलीवाल्याची हजेरी कशी लावतात ते विचारायला मी या शनिवारी मार्केट यार्डात जाणार आहे, सभा त्याच्यानंतरच्या रविवारी आहे.